चौदाव्या भागाचा सौदा

"तुमचा नायक इंजिनात राहतोय. मग डिझेल पितो का चहा?" मी विचारलं.

समोर स्नेहलताई बसल्या होत्या. मुरगूडच्या एका दूध डेअरीत नोकरी करतात आणि मोबाइलच्या ॲपवर रोज कादंबरीचा एक भाग टाकतात. याला वेब नॉव्हेल म्हणतात. ती पुस्तकरूपात काढायचे हक्क मला हवे होते. टेबलावरचा त्यांचा मोबाइल सारखा थरथरत होता. पुण्याचा कुणी प्रकाशक असेल, या विचारानं मला खुर्चीत बसवेना.

मी सायकलवरून पेपर टाकत या प्रकाशनाच्या धंद्यात आलो. माझ्या खर्चानं मोठा झालेला एक लेखक पुण्याच्या प्रकाशकाकडं गेला. सत्काराच्या भाषणात त्यानं ड्रायव्हरचेही आभार मानले, माझं नाव घेतलं नाही. तेव्हापासून सही होईपर्यंत मी कुणाचं कौतुक करत नाही.

कादंबरी अशी: दोन सूर्यांच्या ग्रहावरची एक मेकॅनिक पोरगी, आणि मंत्रानं इंजिनात कोंडलेला राजपुत्र. चौदाव्या भागात कळतं, की त्यानं तिला स्पर्श केला की त्याची एक आठवण कायमची जाते. आमच्या संपादक कांबळे मॅडम तो भाग वाचताना डबा खायला विसरल्या होत्या.

बाजारात म्हैस पसंत पडली की आधी तिच्या शिंगांना नावं ठेवायची असतात. म्हणून मी नेमका चौदावा भाग धरला.

"हात लावला की आठवण जाते? असं कुठं असतंय होय? पोरकटपणा हाय हा."

"बरं," ताई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

खरे दोष मी बोललोच नाही. यंत्रं कधी बॅटरीवर चालतात, कधी मंत्रावर; त्या वेळी जे सोयीचं ते. खलनायक मध्येच गायब होतो. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजतं. ॲपवर अशी अडकवणारी जागा लागते, नाहीतर वाचक उद्या येत नाही. त्याला क्लिफहँगर म्हणतात. पुस्तकात सलग वाचताना मात्र लग्नघरात बसल्यासारखं वाटतं. हे सगळं सही झाल्यावर एडिटिंगमध्ये बघू, असा माझा विचार.

पंधरवड्यानं ताई सुधारलेली फाइल घेऊन आमच्या उचगावच्या ऑफिसात आल्या. कांबळे मॅडमनी ती चाळली आणि माझ्या केबिनमध्ये येऊन दार लावलं.

"साहेब, आठवणी जायचं सगळं काढून टाकलंय. भेटतात, हात धरतात, लग्न करतात. नुसती लग्नपत्रिका झालीय. दारं मात्र सगळी वाजतायत."

मी तसाच बाहेर आलो. "ताई, हे काय करून बसलासा?"

"तुम्हीच म्हणालासा की, पोरकट हाय. ॲपवरबी बदललं. रोज मेसेज करणारे वाचक आता शिव्या घालाय लागल्यात."

म्हणजे तो मोबाइल वाचकांमुळं थरथरत होता. पुण्याचं कुणी नव्हतंच.

"अहो, ते भाव पाडायला बोललो मी!" माझा आवाज चढला. "गिऱ्हाईकाचं ऐकून कोण म्हशीची शिंगं कापतंय?"

ताईंनी मोबाइल पालथा घातला.

"मग चांगलं काय हाय ते सांगा की. एकदाच."

मी येरझाऱ्या घालत सांगितलं. राजपुत्र आईचं नाव विसरतो. ती पोरगी रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी त्याला ते नाव सांगते. तो हात पुढं करतो तेव्हा तिला तो हवाही असतो आणि भीतीही वाटते. अख्खी कादंबरी त्या एका नियमावर उभी आहे. तो काढला तर तुमचा दोन सूर्यांचा ग्रह आणि आमची राजारामपुरी, यात फरक काय?

"हे मला कुणी बोललंच न्हवतं," ताई म्हणाल्या. मग खुर्ची पुढं ओढून बसल्या. "जुनी फाइल हाय माझ्याकडं. घालते परत. पण दादा, ऑडिओचे हक्क देणार न्हाय."

ऑडिओ म्हणजे कादंबरी वाचून, रेकॉर्ड करून ॲपवर विकणं. नफा तिथंच असतो. मी भांडलो, टेबलावर हात आपटला. कांबळे मॅडम पंख्याकडं बघत राहिल्या. पण एवढं कौतुक करून बसलेल्या माणसाला भाव पाडता येत नाही. सही केली.

दारं कमी केली. बॅटरी आणि मंत्राचा घोळ निस्तरला. खलनायकाचं पुढच्या पुस्तकात बघू, असं ताई म्हणाल्या.

पुस्तक आलं. आभाराच्या पानावर ओळ आहे: 'चौदावा भाग काढायला लावणाऱ्या आणि परत घालायला लावणाऱ्या आमच्या प्रकाशक दादांचे आभार.' आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझे आभार मानले, ते असे. तेही माझ्याच कागदावर.

शिंगांना नावं मी अजूनही ठेवतो. फक्त आधी मालकाच्या हातात करवत आहे का, ते बघतो.