टांगत्या गाडीला आवळायचं नाही

त्या सकाळी मी आणि इंदूनं मिळून एक बोल्ट काढला. इंदू म्हणजे माझी बायको. गाडी उल्हासनगरच्या लछूसेठची, त्याच्या बापाच्या वेळची. पुढचं चाक ज्या आर्मवर उभं असतं त्याचा बोल्ट बुशाच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीच्या, लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला. तीन दिवस इंदू त्याला सकाळ-संध्याकाळ डिझेल पाजत होती.

"ग्राइंडरनं कापून टाकतो," मी म्हटलं.

"कापा की. मग तसला दुसरा आणा शोधून. बाजार तुमचीच वाट बघत बसलाय, मिस्त्री."

ती मला मिस्त्रीच म्हणायची. चारचौघात, घरातसुद्धा. तिनं पाना लावला आणि बोल्ट सोडायच्या आधी केसभर आवळला. ही तिची रीत. "रुसलेल्याला एकदम ओढू नये. आधी त्याच्या बाजूनं थोडं जावं." मग उलटा फिरवला. कर्र झालं, आणि तो हलला. टोकावर नट तसाच ठेवून मी हातोडा घातला, म्हणजे आटे मरत नाहीत. बोल्ट निघाला. जुन्या बुशाचं रबर शेंगदाण्याच्या फोलपटासारखं हातात आलं. नवं बुश आम्ही शिकंज्यात दाबून बसवलं, साबणाचं पाणी लावून. तेल लावलं तर रबर खराब होतं. बोल्ट घालून नट नुसता हातानं फिरवला.

"आता जेवून येऊ," ती म्हणाली. "मग गाडी खाली घेऊ. मी आत बसते, तुम्ही आवळा."

हे आवळणंच खरं काम. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच जागी जखडतं. गाडी खाली आली की पिळवटतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून गाडी स्वतःच्या पायावर उभी करायची, आत माणूस बसवायचा आणि मग आवळायचं.

हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. एकदा ती बाळंतपणाला माहेरी अंबरनाथला गेली होती. मी घाईत लछूसेठची हीच गाडी जॅकवरच आवळून दिली. चार महिन्यांनी तो फाटकं बुश घेऊन आला. मी म्हटलं, सेठ, रस्ते किती खराब झालेत बघा. त्याला पटलंही होतं. इंदू पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं ते पिळवटलेलं रबर हातात घेऊन उलटसुलट बघितलं. म्हणाली, "रस्त्याला कशाला नावं ठेवता? सेठ, यांनी टांगत्या गाडीला आवळलंय. चूक आमची."

सेठ हसला. "भाभी, तू मिस्त्री आहेस की तो?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बोलू नका. पण पुढच्या वेळी मला गाडीत बसवा, मग आवळा." तेव्हापासून ती ड्रायव्हरच्या जागेवर बसायची. मांडीवर परात, परातीत मेथी. मी गाडीखाली, गॅरेजच्या खड्ड्यात. वरनं हुकूम यायचे. "झालं का? तुम्ही आवळताय की झोपलात?"

ती चांगली होती म्हणून मी हे लिहीत नाही. तिच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगायची, "गाडी विका, नाहीतर नीट चालवा." दोघं-तिघं पुन्हा आलेच नाहीत. मी चौथीपर्यंत शिकलेला, ती सातवी. कारखान्यात पॅकिंगला होती. तो बंद पडला तशी हेंद्रेपाड्याच्या माझ्या गॅरेजवर डबा घेऊन यायला लागली आणि एक दिवस तिनं माझ्या हातातला हातोडाच काढून घेतला. "तेल वाट काढतं, हातोडा वाट लावतो," म्हणाली. बायको गॅरेजात काय करते म्हणून लोक विचारायचे. मी सांगायचो, मला शिव्या देते.

बोल्ट काढला त्या दिवशी आम्ही जेवायला घरी गेलो. तिनं पोळ्या लाटायला घेतल्या आणि ओट्यापाशीच खाली बसली. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, तवा बघा." डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. अंबरनाथहून मुलगी आली. पाच वाजता अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लछूसेठ भेटायला आला. आता तोही म्हातारा झालाय. दाराशी चपला काढून माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "मिस्त्री, गाडी की फिकर मत कर. मी टो करून नेतो. कोणीही आवळून देईल."

"कोणीही जॅकवरच आवळेल," मी म्हटलं.

मी उठलो. मुलगी म्हणाली, "पप्पा, घरात सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

गॅरेज उघडलं. चाक लावलं, जॅक काढला, गाडी ढकलत खड्ड्यावर घेतली. सेठ हात लावू लागला. म्हटलं, "सेठ, तुम्ही आत बसा. तिथं नाही, ड्रायव्हरच्या जागेवर." तो बसला. गाडी जरा दबली. मी पाना घेऊन खाली उतरलो.

नट घट्ट व्हायला किती वेळ लागतो? चार-पाच ओढी. शेवटच्या ओढीला पाना हलेना.

सेठनं वरून विचारलं, "झालं?"

झालं होतं. मी खड्ड्यात पाना धरून उभा होतो.

"बसा अजून जरा," मी म्हटलं. "हलू नका."