उरानी समोरच्या बेटावर जाते

बोट सारांदाच्या धक्क्यावरून समोरच्या ग्रीक बेटाकडे सुटली. उरानीने मांडीवरचं गाठोडं सोडलं, एक उकडलेलं अंडं सोलायला घेतलं, तेवढ्यात शेजारी बसलेली मैत्रीण मर्सिने म्हणाली, "आवर गं आता. आलंच कोर्फू."

"आलं?"

"मग! हे काय समोर."

उरानीने अंडं तसंच फडक्यात टाकलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. "एवढंच? एवढ्याशा पाण्यापायी माझ्या भावाचा जीव घेतला मेल्यांनी?"

मर्सिनेने तिचं गाठोडं बांधून दिलं. पेन्शनरांच्या मंडळाची ही एका दिवसाची सहल. तिनेच हात धुऊन मागे लागून उरानीला आणलं होतं. नाहीतर पासष्टी उलटली तरी या बाईने देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सीमा उघडली तेव्हा तिचं अख्खं क्सामिल गाव तिकडे धावलं, तिची दोन्ही मुलं अथेन्सला जाऊन राहिली, पण ही हटून बसली. "जायचं होतं तेव्हा काटेरी तारा लावल्यात. आता नाही येत, जा."

तिच्या अंगणातून कोर्फू थेट दिसायचं. रात्री तिकडचे दिवेही दिसायचे. त्या काळी, कम्युनिस्टांच्या राजवटीत, तिकडे फार वेळ बघत उभं राहायची सोय नव्हती. उरानी तेव्हा शिक्षिका व्हायला शिकत होती. तिचा थोरला भाऊ स्ताव्री याला एका शरदात उचलून नेलं. पोहून पळून जायचा कट केला, असा आरोप. त्याने कबुलीवर सही केली आणि शिक्षा म्हणून तांब्याच्या खाणीत गेला. उरानीचं नाव शाळेतून कापलं आणि हातात कुदळ दिली. डोंगर खणून संत्र्यांच्या बागांसाठी पायऱ्या करण्यात तिचं तारुण्य गेलं.

सरकारवर चिडायची चोरी होती. मग सगळा राग स्ताव्रीवर निघाला. खाणीतून तो फुटक्या भात्यासारखी छाती घेऊन परतला. ती त्याला सूप द्यायची, कपडे धुवायची, पण धड बोलायची नाही. एकदाच तो म्हणाला होता, "मी कुठं जाणार होतो, उरानी?"

"मग सही कशाला केलीस? आम्हाला खड्ड्यात घालायला?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. सीमा उघडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला.

सहलीच्या बोटीत किर्याकोही होता. त्या काळचा वस्तीतला पक्षाचा सचिव. आता डोक्यावर गवती टोपी, गळ्यात कॅमेरा. स्ताव्रीचं नाव त्यानेच वर कळवलं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नेमकं काय कळवलं, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. उतरताना तो उरानीला म्हणाला, "काय निळंशार पाणी आहे, नाही? आपलं वय फुकट गेलं बघ."

"आपलं?" उरानी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

पासपोर्टच्या खिडकीशी किर्याको अडला. त्याच्या पासपोर्टचं पान फाटलेलं होतं. अधिकारी ग्रीकमध्ये काहीबाही विचारत होता आणि याला ग्रीकचा गंध नव्हता. गणवेशातल्या माणसाने बाजूला उभं राहायला सांगितल्याबरोबर त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "उरानी! तुझी आई ग्रीक बोलायची ना? सांग गं याला काहीतरी!"

उरानी परत फिरली. "सांगते. आधी तू सांग. स्ताव्रीबद्दल काय कळवलंस?"

"इथं? आत्ता?"

"लोकांना जेवणाच्या ताटावरून उठवून नेलंत तेव्हा वेळ बघितली होती?"

किर्याकोने आजूबाजूला पाहिलं. मंडळातले लोक थांबले होते. तो पुटपुटला, "काही नव्हतं गं. आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. तो म्हणाला, तिकडे किती दिवे लागलेत बघा."

"आणि?"

"एवढंच."

"मग पोहून जायचं कुठून आलं?"

"नुसत्या दिव्यांवर कोण ऐकणार होतं? वरून नावं मागत होते. कटाचं मी जोडलं. मी नसतं जोडलं तर दुसऱ्याने जोडलं असतं."

उरानीला वाटलं, याच्या थोबाडात द्यावी. हात उचललाही तिने. पण त्याच हाताने तिने खिडकीची कड घट्ट धरली. ज्या कटासाठी तिने भावाशी अबोला धरला, तो कट या गवती टोपीवाल्याने बसल्याबसल्या रचला होता.

अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, तुम्ही ओळखता यांना?"

"चांगलंच ओळखते."

"परत जातील ना हे संध्याकाळी?"

"जाईल की. इथं याला पेन्शन कोण देणार?"

अधिकारी हसला आणि त्याने शिक्का मारला. किर्याकोने आभार मानायला तोंड उघडलं, तशी ती फिस्कारली, "मी जाईन त्या रस्त्याला दिसू नकोस."

दिवसभर तिने कोर्फूत काही पाहिलं नाही. मर्सिने चपला घेत होती, ही दगडी बाकावर बसून आपल्याच किनाऱ्याकडे बघत होती. ज्या पायऱ्या तिने खणल्या, तिथे आता एकही संत्र्याचं झाड नव्हतं, हॉटेलंच हॉटेलं. "तारा लावून हे राखत होते!" ती एवढ्या जोरात ओरडली की कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या खोलीत गेली. किर्याको डोमिनो खेळत होता. तो काय म्हणाला ते तिने शब्दन् शब्द सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ दे उरानी, म्हातारा झालाय तो."

"स्ताव्रीला व्हायचं नव्हतं का म्हातारं?"

दोघं जण किर्याकोच्या टेबलावरून उठले. बाकीचे खेळत राहिले. त्या बाकीच्यांवरही ती चिडली आणि मंडळाचं सभासदत्व सोडून आली. मग स्मशानात जाऊन भावावर चिडली. "तोंड नव्हतं तुला? मी ओरडले तर तूही ओरडायचंस! गप बस म्हणून दोन ठेवून द्यायच्यास मला!" बोलता बोलता तिला हुंदका आला आणि मग ती तिथेच बराच वेळ गवत उपटत राहिली.

पंधरवड्याने तिने अथेन्सची बस धरली. मुलांना कळवलंही नाही. दारात आईला बघून थोरल्या मुलाची तारांबळ उडाली. "आई, तू? आणि एकटी?"

"वाट विचारत आले. जीभ आहे ना मला? ती आता थांबायची नाही. सगळ्यांना बोलाव. धाकट्यालाही."

जेवणं झाल्यावर तिने नातवंडांचे फोन काढून घेतले. मामाआजोबा पळून जाणार होते म्हणून पकडले गेले, हे तिनेच मुलांना सांगितलं होतं, आणि मुलांनी त्यांच्या मुलांना.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं तुम्हाला, कारण मला खोटं सांगितलं गेलं, आणि मी कधी विचारायला गेले नाही. मामाआजोबा फक्त म्हणाले होते की तिकडे दिवे लागलेत."

"आई, आता इतक्या वर्षांनी कशाला..." थोरला म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस," उरानी म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.