शेतकीवाल्याच्या घरचा पाम

मी तेहतीस वर्षं शेतकी खात्यात नोकरी केली आणि तेवढ्या काळात माझ्या सल्ल्याने एकच झाड मेलं. (शेतकऱ्यांना विचारू नका.) पण ते एक झाड नेमकं माझ्याच घरात होतं, कुंडीत होतं, आणि माझ्या गेलेल्या भावाचं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचे भाऊ, म्हणजे माझे थोरले बंधू, धुळ्याला शाळेत मास्तर होते. फेब्रुवारीत एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले ते वर उठलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर मी वहिनींना जळगावला घेऊन यायला निघालो, तर त्यांनी दोनच वस्तू बरोबर घेतल्या. एक कपड्यांची पिशवी आणि एक भाऊंचा पाम! एस.टी.ला ही गर्दी. कशाबशा दोन जागा मिळाल्या. एकीवर वहिनी बसल्या, दुसरीवर त्यांनी कुंडी बसवली. मी उभा. एरंडोलला कंडक्टरला माझी दया आली.

"साहेब, झाड खाली ठेवा ना, तुम्ही बसा."

मी वहिनींकडे पाहिलं. "राहू द्या," म्हटलं, "मला उभं राहायची सवय आहे."

वहिनी बोलत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. भाऊंना नेलं तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. सकाळी उठायचं, ओल्या फडक्याने पामचं एकेक पान पुसायचं, दोन घास चिवडायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, तिने रडायला पाहिजे रे! असं आत साठवून माणूस जगतं का? त्या झाडापायी तरी उठतेय. तेवढं सांभाळ बाबा."

आणि एप्रिलमध्ये पामची पानं पिवळी पडायला लागली.

मी मनातून खूश झालो, खोटं कशाला सांगू? दुःखाच्या घरात मी अगदी बिनकामाचा माणूस. काय बोलावं कळत नाही, हात कुठे ठेवावेत कळत नाही. पण पिवळं पान? अहो, ते तर माझं राज्य! केळीची पिवळी पानं घेऊन असोद्यापासून यावलपर्यंतचे शेतकरी माझ्या टेबलाशी यायचे. 'पाने पिवळी का पडतात?' या विषयावर रेडिओवर माझं भाषणसुद्धा झालं होतं. मी चष्मा चढवला, पान उलटसुलट करून पाहिलं आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "नत्र कमी पडलंय!"

घातला युरिया. (केळीची सवय झालेला हात! जरा सैलच पडला.) चार दिवसांत पानांची टोकं जळाली.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता पोटॅश."

"आता डॉक्टर बदला," ती म्हणाली.

दुसरे डॉक्टर आपणहून आले. एरंडोलजवळचे आमचे नानामामा, जन्म केळीत गेलेला. त्यांनी कुंडीभोवती एक फेरी मारली.

"भाच्या, हाई काय शे?"

"पाम आहे, मामा."

"याले घड लागस का?"

"नाही लागत."

"मंग कसाले पाळेल शे?" मामांनी पान बोटांत चोळलं आणि निकाल दिला, "याले पानी कमी पडी ऱ्हायनं. बठ्ठं पानी याले पाज!"

आता 'बठ्ठं', म्हणजे सगळं पाणी पाजायचं, तर उन्हाळ्यात जळगावात ते कुठून आणणार? नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, ते पिण्यापुरतं. पण मी पडलो काटकसरी. मार्चअखेर आमचा कूलर सुरू झाला होता, तो बोअरच्या पाण्यावर चालायचा. रात्रभर चालून सकाळी टाकीच्या तळाला चार-पाच तांबे पाणी उरायचं. ते मी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने पामला घालत होतो. मामा सांगून गेल्यावर संध्याकाळचंही घालायला लागलो. "या घरात थेंब वाया जाता कामा नये," हे मी रोज दोन्ही वेळा सगळ्यांना ऐकवायचो.

पानं आणखी पिवळी झाली. मग मला वाटलं, ऊन कमी पडतंय. मे महिन्यात, जळगावात, एका झाडाला ऊन कमी पडतंय असं वाटणारा माणूस पगार घेत होता! मी कुंडी गच्चीवर नेली. दुपारी जाऊन बघतो तर पानं पापडासारखी वाजत होती. घाईघाईने खाली आणून कुंडी कूलरसमोर ठेवली आणि थंडावा म्हणून दोन तांबे जास्त घातले.

एवढे उपचार होऊनही गुण येईना, तेव्हा मी ठरवलं की घरातच कुणीतरी घातपात करतंय. आईची उलटतपासणी घेतली. (चहाचा चोथा टाकतेस का? "तुझ्या डोक्यात टाकते!") बायकोला भांड्यांच्या पाण्याबद्दल विचारलं. आणि शेवटी, हे लिहिताना अजून कानशिलं तापतात, मी वहिनींसमोर उभा राहिलो.

"वहिनी, फडक्याला तेलबिल लावता का? पानांची छिद्रं बुजतात त्याने. आजपासून पुसू नका."

वहिनींनी फडक्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत. आईने माझ्याशी बोलणं सोडलं, म्हणजे घरात न बोलणाऱ्या आता दोघी झाल्या. मी भलताच घाबरलो. पण घाबरून केलं काय? सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं!

चौथ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन कुंडीपाशी उभा होतो. पामचं शेवटचं हिरवं पानही मान टाकत होतं. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. कुंडीसमोर बसल्या. मातीवर आलेला पांढरा थर नखाने खरवडून त्यांनी जिभेला लावला. मग उठून कूलरपाशी गेल्या, त्याच्या गवतावरचा पांढरा थर खरवडला, तोही जिभेला लावला.

"भावजी, हे खारं आहे."

तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य! आई पिठाचे हात घेऊन तशीच दारात आली.

"काय खारं, वहिनी?"

"तुमचं पाणी! कूलरमधलं पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. ते तुम्ही रोज पाजताय याला. मातीवर पांढरं दिसलं की आधी पाणी तपासा, मग खत, असं रेडिओवर कोण सांगत होतं?"

मी तांब्यात बघायला लागलो.

"कोण सांगत होतं?"

"मी."

"यांनी वहीत उतरवून घेतलं होतं ते! शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. गेल्या वर्षी याची दोन पानं पिवळी झाली, तर म्हणाले, 'माझा भाऊ येईल, त्याला दाखवू.' वर्षभर वाट पाहिली तुमची. पत्रं टाकली. तुम्ही आलात ते यांना पोचवायला! मी हे झाड एवढ्या लांब आणलं कशाला? तुम्हाला दाखवायला आणलं! केवढा भरवसा होता त्यांना तुमचा... आणि तुम्ही मारलंत हो!"

आणि वहिनी रडल्या. कुंडीला धरून, मोठ्याने, भाऊंचं नाव घेऊन रडल्या. आईने त्यांना पोटाशी घेतलं आणि मला हाताने 'बाहेर जा' अशी खूण केली. मी अंगणात तांब्या घेऊन उभा राहिलो आणि मलाही रडू आवरेना. धुळं काय लांब होतं? दोन-अडीच तासांचा रस्ता. भाऊंची ती पत्रं माझ्या कपाटात होती, सगळ्यांत एकच वाक्य, 'सवड काढून ये.' आणि मी सवड काढून दुसऱ्यांच्या केळी बघत फिरत होतो.

पाम वाचला नाही. माती बदलली, माठातलं पाणी घातलं, पण उशीर झाला होता. जूनमध्ये वहिनींनी स्वतः कुंडी रिकामी केली, हात धुतले आणि त्या आमच्याबरोबर जेवायला बसल्या. आख्खी भाकरी खाल्ली. मग माझ्या ताटाकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "भावजी, मीठ वाढू?"

आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

पुढे वहिनींना भाऊंच्याच शाळेत नोकरी लागली आणि त्या धुळ्याला परत गेल्या. आता मी दर महिन्याला जातो, सवड असो नसो. त्यांच्या दारात नवा पाम आहे, हिरवागार, चांगला पुरुषभर उंच. मी फाटकाशी दिसलो की वहिनी आधी कुंडी घरात घेतात, मग मला.