माईचा कान

आमची मालकीण कानानं घर चालवायची. मी पुढं पिठाच्या गिरणीवर उभा असायचो आणि ती मागं चुलीपुढून ओरडायची, "आवं, पट्टा सैल झालाय बगा." मी बघायचो, तर झालेला असायचा. दगड गुळगुळीत झाला, छिन्नीनं टाकी लावायची वेळ आली की मला पिठाला हात लावल्यावर कळायचं, तिला भाकरी थापता थापता, नुसत्या आवाजावरून. गिरणी मी चालवली असं गाव म्हणतं. म्हणू दे.

मी चौथी शिकलेला. लिहिणं माझं काम नाही. पण ती जाऊन सहा महिने झाले, तिच्याबद्दल बोलायला घरात कुणी नाही, म्हणून लिहितोय.

माझे गुडघे गेले तशी गिरणी बंद केली. शेड रिकामी पडली. मग एके दिवशी तीन पोरं दारात उभी. गावातला विक्या, शिरवळला कंपनीत कामाला, तो गाणार. साताऱ्याच्या गादीवाल्याचा आसिफ, तो ड्रम वाजवणार. आणि सांगलीकडचा सन्मती, साताऱ्यात कॉलेजला, त्याच्याकडं गिटार. बँड काढायचा होता, जागा कुणी देईना. मी तोंडावर सांगितलं, "न्हाई. म्हसरं बुजतील."

मालकीण आतून म्हणाली, "म्हसरं इकून दोन वर्सं झाली. या रं आत."

त्या दिवसापासून ती पोरांची माई झाली.

आसिफनं दुकानातल्या जुन्या गाद्या आणून भिंतींना टांगल्या. तरी आवाज असा, की पत्रे थरथरायचे. पोरं मोबाइलवर परदेशातली गाणी ऐकायची आणि हुबेहूब तसंच करायला बघायची. विक्या घसा ताणून इंग्रजीत किंचाळायचा. त्याला स्वतःला त्यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक. मी एकदा विचारलं, "विक्या, तुला आतनं कुणी मारतंय का रं?" पोरं हसली. मालकीण हसली नाही. दारात फळीवर बसून ती तीन रविवार गप ऐकत राहिली. चौथ्या रविवारी म्हणाली, "गिरणी रिकामी फिरतीया. आत दाणाच न्हाई."

पोरांची तोंडं उतरली. सन्मती नम्र पोरगा, पण तोही चिडला. "माई, याला रॉक म्हणतात."

"म्हना की. पर समदी एकदम बोलताय तुमी. एकानं बोलावं, दुसऱ्यानं हुं म्हनावं."

आमच्या घरात हुं म्हणणारा मी.

मग तिनं विक्याला विचारलं, "कंपनीत एवढी मशिनी चालत्यात, त्यात लांबच्या गड्याला हाक कशी मारतोस?" त्यानं मारून दाखवली. आखूड, खालून वर चढणारी हाक. "तसं गा. आन् आपल्या बोलीत गा." त्या दिवशी एकच ओळ झाली, 'बस आली रं, डबा ऱ्हायला'. विक्या ओळ टाकायचा, सन्मतीची गिटार हुं म्हणायची, आणि आसिफनं मध्ये जागा सोडायची. जागा सोडणं आसिफला लय जड गेलं. त्याचे हात थांबायचेच नाहीत. माई ओरडायची, "हात वर ठिव, मुडद्या!" तो हात वर धरून बसायचा, पोलिसानं पकडल्यागत. असं करत दोन महिन्यांत चार गाणी झाली. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण विक्या काय म्हणतोय ते पहिल्यांदा कळलं.

सांगलीच्या एका कॉलेजात त्यांना पहिला कार्यक्रम मिळाला. माईसाठी पुढं खुर्ची ठेवणार होते. तिनं हिरवं पातळ इस्त्रीला दिलं. तवा तिचं काळीज अधू झालेलं. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे.

मी म्हणालो, "जायचं न्हाई."

"आवं, डॉक्टर हळू न्या म्हणालेत की."

"मी न्हाई म्हणतोय."

तिच्यासमोरच विक्याला फोन लावला आणि सांगितलं, "तिलाच यायचं न्हाई. एवढा गोंगाट सोसत न्हाई म्हणती." आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरं बोललो आणि तिच्या तोंडावर खोटं बोललो.  ती उठली, पातळाची घडी ट्रंकेत ठेवली आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणाली. माईनं सगळं विचारून घेतलं, आसिफनं जागा सोडली का तेसुद्धा. वीस दिवसांनी ती गेली. घरातच, भरदुपारी, माझ्यासमोर. मी जवळ बसलेलो होतो, उपयोग काय.

गेल्या रविवारी पोरं मला न्यायला आली. त्याच कॉलेजात पुन्हा बोलावलं होतं. माझ्यानं राहवेना. म्हणालो, "मला नेऊ नका. मागच्या येळंला तिला यायचं हुतं. मी अडवली. तुमास्नी खोटं सांगितलं."

 विक्या म्हणाला, "आबा, आमाला ठावं हाय. माईनं त्याच दिवशी परत फोन केलता. म्हणाली, 'ह्यास्नी काय इच्यारू नगा. मी वाटंत मरंन म्हणून भ्यालेत ते.'"

मी सदरा बदलायला आत गेलो. लय वेळ लागला. पोरं बाहेर थांबली होती.