आठव्या मजल्यावरचा शेजार

बीडमधल्या आमच्या कॉलेजनं मुलींसाठी आठ मजली वसतिगृह बांधलं आणि रेक्टर म्हणून मला तिथं नेमलं. आर्किटेक्टनं मजल्यागणिक सोफ्यांची, काचेच्या दाराची बैठकीची खोली दिली होती. मुली त्या खोलीत ओले टॉवेल वाळत घालायच्या आणि गप्पांना जिन्यात बसायच्या. नकाशात सगळं होतं, घरापुढचा ओटा तेवढा नव्हता. तो त्यांनी जिन्यात शोधून काढला. ‘जिन्यात बसू नये’ अशा पाट्या मी लावल्या. त्यांच्याखाली बसून मुली शेंगा सोलायच्या.

प्रवेशाच्या दिवसांत चकलांब्याहून एक बाई लेकीला घेऊन आल्या. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता, खोली आठव्या मजल्यावर. बीडमध्ये नात्यातलं कुणी नाही. आईच्या मनाला पटलं नाही तर पोरगी आल्या पावली परत, आणि शिक्षण तिथंच संपलं. तिनं बॅग दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी माझ्या क्रमानं सांगत गेले: कॅमेरे, बोटाचा ठसा, आठव्या मजल्यापर्यंत लिफ्ट.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “ते यंत्राचं झालं, मॅडम. मानूस कोन बगतंय? त्या डब्यात बसलं की गेलं वर. पोरगी कवा आली, कवा गेली, कुनाला कळंल?”

तेवढ्यात वीज गेली, जनरेटरही रुसला आणि आम्ही जिना चढू लागलो. पहिल्याच वळणावर मुली बसलेल्या. मी डोळे वटारले. त्यांनी पाय आवरून वाट दिली आणि बाईंना विचारलं, “मावशी, कुठल्या तुमी?” पुढच्या वळणावर, कुणाकडं आलात. त्यापुढं पाणी मिळालं, मग शेंगा; मग एक गेवराईची निघाली, तिची आत्या चकलांब्यातच दिलेली. आठव्या मजल्यावर तर आमच्या आधी बातमीच पोचली होती, की नवीन पोरगी येतीय आणि आई जरा घाबरल्यात. या बेशिस्तीबद्दल मी माफी मागायला लागले.

“कावून उठवता पोरींला?” बाईंनी मलाच विचारलं. “ह्यांच्या म्होरून कोन गपचिप जातंय?” मग लेकीकडं वळून म्हणाल्या, “ठेव बॅग आत.”

वीज आल्यावर मी त्यांना लिफ्ट दाखवली, पण त्या जिन्यानंच निघाल्या. मी खाली येऊन चहा घेतला, दुसराही घेतला. बाई अजून पाचव्या मजल्यावरच मुलींत बसल्या होत्या, आणि लेक वर कपाट लावत होती.