नितीननं एकदाच लिहिलेली ओळ

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा माझा विश्वास बसला नाही... यात दुःखाचा वाटा होताच, पण स्वभावाचाही होता. टेंभुर्णीत माझं भांड्यांचं दुकान आहे. ठोकून पाहिल्याशिवाय मला स्वतःची कढईसुद्धा खरी वाटत नाही. पण फोनवर त्याची बायको रेखा रडत होती. झोपेतच हृदय थांबलं म्हणाली.

नितीन माझा मावसभाऊ. जालन्यात बसून जिल्ह्यातल्या दुकानांच्या वेबसाइट करायचा. माझी केली, आणि वडीगोद्रीला माझ्या साडूचं मंगल कार्यालय आहे, त्याचीही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्याकडं ऑर्डर दिली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर निरोप जायचा, 'बराबर मिळालं. घरी सगळे बरे हायेत ना?' एका लग्नवाल्यानं दाखवलं, साडूकडून आलेला बुकिंगचा निरोपही अक्षरशः हाच. आणि साडू तर नुकताच भांडीही भाड्यानं देऊ लागलेला. म्हणजे माझी गिऱ्हाइकं आतल्या आत तिकडं...

जाब विचारला तर नितीन हसला. "दादा, माणसाला बाप एकच, पण सवय कुणाचीबी उचलता येते ना? प्रोग्रॅममधेबी तसंच. तुमच्या ऑर्डरचा बाप वेगळा, त्यांच्या बुकिंगचा वेगळा. निरोप धाडायची सवय मी एकदाच लिहून ठेवली, दोघं तीच वापरून राह्यले. आमच्या धंद्यात ट्रेट म्हणतात त्याला. गिऱ्हाइकं ज्याची त्याच्यापाशीच."

"मंग ते घरचं विचारणं?"

"ती माझी सवय," तो ओशाळला. "चुकून त्यातच राह्यली."

खरं होतं. कामाचा फोन असला तरी आधी तो हेच विचारायचा. मी मान डोलावली आणि घरी येऊन बायकोच्या नावानं पातेल्याची खोटी ऑर्डर टाकली. दोन दिवसांत साडूचा तिला फोन आलाच. मी दाराआड कान लावून उभा... तो सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी करत होता. तरी माझा संशय पुरता फिटला नाही.

आता काम रेखा पाहते. तीही त्याच धंद्यातली. परवा म्हणाली, "भाऊजी, लोक म्हणतात हे घरगुती वाक्य कशाला? काढू का? एका जागी पुसलं की सगळीकडचं जाईल."

सगळीकडचं... माझ्याकडचं, साडूकडचं, राजूरच्या पेढेवाल्याकडचंही.

"राहू दे," मी म्हणालो. ती बरं म्हणाली. पण नुसत्या 'बरं'वर मी कधी विसंबलोय? म्हणून रोज सकाळी शटर वर केलं की स्वतःच्याच दुकानातून एक चमचा मागवतो. मोबाइल वाजतो. ओळ आहे ना, नीट वाचून पाहतो, "हायेत रे," म्हणतो आणि ऑर्डर रद्द करतो.