पोराच्या हाताची जागा

वडखळच्या गॅरेजात तवा मी, माझी सून शेवंता आन् गाड्या रंगवणारा तो, एवढीच मानसं होतो. माझ्या गेलेल्या पोराची लाइटवर वाजणारी गिटार पडून कडेचा टवका उडाला होता. तेवढाच भरायला दिलेली.

"बघा आजी, नवी कोरी!" फुंकर मारून, अंगठा फिरवत तो बोलला.

वाजवताना पोराचा हात घासून रंग गेलेला, ती जागा पण त्यानं भरून रंगवलेली.

"मेल्या, तिथं माझ्या पोराचा हात होता!"

"डाग होता तो, आजी. तुम्ही सांगायच्या आधीच काढला."

वर हसला. शेवंता तोंड फिरवून उभी राहिली. मी रडले नाय. पण राग अजून जात नाय.

बाबांनो, कोणाची वस्तू घासायच्या आधी इचारा.